वाटणी सोपी, वाहतूक अवघड

काही वर्षांपूर्वी सेट-टॉप बॉक्सच्या एका कामावर असताना आमच्यापुढे एक चिवट दोष आला. चित्र उत्तम दिसायचं, आवाज स्वच्छ यायचा. पण दर दहा-पंधरा मिनिटांनी पडद्यावर कुठेतरी एक बारीक आडवी रेघ चमकून जायची. शोध घ्यायला म्हणून प्रोग्रॅममध्ये नोंद छापणारी एखादी ओळ घातली की दोष गायब. ती काढली की पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशी एका सहकाऱ्यानं ती फ्रेम गोठवली, मोठी केली आणि रेघेतले पिक्सेल एकेक करून मोजले. ६४ भरले. पुढची रेघ पकडली, तीही ६४. आकडा ऐकताच सगळ्यांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. आमच्या प्रोसेसरच्या कॅश मेमरीची एक ओळ ६४ बाइटची होती आणि चित्राच्या उजळपणाच्या थरात एक पिक्सेल म्हणजे एक बाइट. डीएसपीनं (आवाज-चित्राचं गणित करणाऱ्या खास प्रोसेसरनं) नवं चित्र मुख्य मेमरीत लिहून ठेवलं होतं. दुसरा प्रोसेसर मात्र स्वतःच्या कॅशमधली जुनी प्रत वाचत होता. आधीच्या फ्रेमचा ६४ बाइटचा तुकडा नव्या फ्रेमवर ठिगळासारखा बसत होता. दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं. चूक दोघांच्या मधल्या जागेत होती.

मल्टिमीडियासाठी समांतर एम्बेडेड यंत्रणा प्रोग्रॅम करण्याचा प्रश्न मला तेव्हापासून असाच दिसतो. एक काम पाचजणांत वाटून देणं फारसं कठीण नाही. एकाच्या हातातली माहिती दुसऱ्याच्या हातात वेळेवर, शिळी न होता आणि शक्य तितक्या कमी फेऱ्यांत पोचवणं, हे कठीण आहे. या क्षेत्रात गेल्या चाळीसेक वर्षांत ज्या चिप निघाल्या, ज्या भाषा आल्या, त्यांचं मोल मी याच मापानं करतो.

आधी कामाचा आवाका पाहू. फुल एचडी चित्र १९२० बाय १०८० पिक्सेलचं. रंगांची माहिती उजळपणापेक्षा विरळ साठवतात, म्हणून पिक्सेलमागे सरासरी दीड बाइट लागतो. म्हणजे एका फ्रेमला सुमारे ३१ लाख बाइट, आणि सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर साधारण ९ कोटी ३३ लाख बाइट. हे फक्त तयार चित्र एकदा लिहून ठेवण्याचं मोजमाप. व्हिडिओ उलगडताना आधीच्या फ्रेमचे तुकडे पुन्हा पुन्हा वाचावे लागतात, ते वेगळं. २००३ साली आलेल्या एच.२६४ या मानकात चित्र १६ बाय १६ पिक्सेलच्या चौकोनांत विभागलेलं असतं: आडवे १२०, उभे ६८. (१०८० ला १६ नं पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे प्रत्यक्षात १०८८ ओळी उलगडतात आणि खालच्या ८ कापून टाकतात. कापायला विसरलं तर तळाशी हिरवा पट्टा दिसू शकतो, कारण या रंगपद्धतीत तिन्ही आकडे शून्य म्हणजे काळा नव्हे, हिरवा.) असे ८१६० चौकोन ३३ मिलिसेकंदांत संपवायचे. एका चौकोनाच्या वाट्याला जेमतेम ४ मायक्रोसेकंद येतात. ५०० मेगाहर्ट्झचा एकच प्रोसेसर असेल, तर सुमारे २००० ठोके. तेवढ्यात बिट वाचायचे, गणित करायचं, शेजाऱ्यांकडून अंदाज बांधायचा आणि कडा गुळगुळीत करायच्या.

मग एकच प्रोसेसर आणखी वेगानं का पळवू नये? कारण वीज. चिपचा वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत आणि वेगाच्या पटीत वाढतो, आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागतं. तेच काम निम्म्या वेगाच्या दोन प्रोसेसरांनी केलं तर व्होल्टेज उतरवता येतं आणि खर्च घटतो. टेबलावरच्या संगणकांना ही भिंत २००४-०५ च्या सुमारास आडवी आली. पंखा नसलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांना ती पहिल्यापासून होती. त्यामुळे समांतर चिपचा इतिहास एम्बेडेड दुनियेत बराच आधी सुरू होतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं १९९४ मध्ये आणलेल्या टीएमएस३२०सी८० या चिपवर एक मुख्य प्रोसेसर आणि चार डीएसपी एकत्र बसवलेले होते. तिची पूर्ण ताकद हवी असेल, तर ती हातानं लिहिलेल्या असेंब्लीतूनच बाहेर काढावी लागे.

त्याही आधी, १९८० च्या दशकात, ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीनं ट्रान्सप्युटर काढला. टोनी होअर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या विचारावर तो उभा होता: प्रत्येक प्रोसेसरची मेमरी स्वतंत्र, आणि एकमेकांशी बोलायचं ते निरोप पाठवूनच. ट्रान्सप्युटरला सहसा चार दुवे असत आणि ऑकम नावाची भाषा खास त्याच्यासाठी घडवलेली होती. आपल्याकडे पुण्यात सी-डॅकनं १९९१ मध्ये उभा केलेला परम ८००० हा महासंगणक टी८०० जातीच्या याच ट्रान्सप्युटरांवर चालत होता. परम ही एम्बेडेड यंत्रणा नव्हे हे उघड आहे, पण पुण्यात एवढ्या लवकर निरोपांवर चालणारी समांतर यंत्रणा प्रत्यक्ष उभी राहिली होती, याचा मला आजही अभिमान वाटतो. मेमरी वाटून घेण्यापेक्षा निरोप पाठवणं बरं, हा तो विचार आज फोनमधल्या चिपमध्ये पुन्हा डोकं वर काढतो आहे.

मात्र या प्रश्नाचं खरं रूप ज्या चिपनं लाखो घरांत नेलं ती म्हणजे सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून घडवलेली सेल. २००६ च्या अखेरीस प्लेस्टेशन ३ मधून ती बाजारात आली. एक सर्वसाधारण प्रोसेसर आणि आठ कामकरी कोअर अशी तिची रचना. प्लेस्टेशनमध्ये त्यांतला एक बंद ठेवलेला, एक यंत्रणेसाठी राखीव. खेळ लिहिणाऱ्यांना सहा मिळत. प्रत्येक कामकऱ्याजवळ स्वतःची २५६ किलोबाइट मेमरी. प्रोग्रॅमही तिच्यातच, माहितीही तिच्यातच. मुख्य मेमरीला त्याचा थेट हात पोचत नसे. जे हवं ते डीएमएला, म्हणजे मेमरीतली ने-आण करणाऱ्या वेगळ्या यंत्रणेला, सांगून मागवायचं, एका खेपेत फार तर १६ किलोबाइट. ३१ लाख बाइटची फ्रेम त्या खोलीत मावणार कशी? मग पट्टी-पट्टीनं आणायची, काम करायचं, परत पाठवायची.

आणि वाट बघण्यात वेळ दवडायचा नसेल तर दोन बफर ठेवायचे. सकाळी पाणी येतं तेव्हा आपल्या घरी हेच चालतं. एक हंडा नळाखाली भरत असतो, तेवढ्यात दुसरा आत नेऊन पिंपात ओतायचा. नळ क्षणभरही रिकामा वाहू द्यायचा नाही आणि माणसानंही नळापाशी ताटकळायचं नाही. सेलवर लिहिलेल्या प्रत्येक चांगल्या प्रोग्रॅमच्या गाभ्याशी ही दोन हंड्यांची कसरत होती. आणि प्रोग्रॅमर हैराण झाले तेही तिच्यापायीच, कारण ती सगळी त्यांना हातानं लिहावी लागे. पत्ते कुठे जुळवायचे, कुठल्या खेपेची वाट कधी बघायची, कुठला हंडा आत्ता कोणाचा, याचा हिशेब मूळ गणितापेक्षा लांब होई.

२०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये सोनीनं सेल सोडून नेहमीच्या धाटणीचे प्रोसेसर घेतले. तेव्हापासून सेल म्हणजे फसलेला प्रयोग, असं म्हणायची पद्धत पडली. मला ते पटत नाही. माहितीची ने-आण हाच मोठा खर्च आहे, हे त्या यंत्रानं प्रोग्रॅमरला तोंडावर सांगितलं. साध्या बेरजेला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या हजारो पट ऊर्जा बाहेरच्या मेमरीतून एक आकडा आणायला लागते; कॅश हा खर्च झाकून ठेवते, सेलनं तो उघडा ठेवला. तो खर्च शब्दांत मांडायला लागणारी भाषा मात्र तिनं सोबत दिली नाही. तिची उणीव ती.

वाटणीबद्दल बोलायचं तर व्हिडिओतला एक बारकावा जवळून पाहण्यासारखा आहे. एच.२६४ मध्ये एखादा चौकोन उलगडायचा तर त्याच्या डावीकडचा, वरचा आणि वर-उजवीकडचा शेजारी आधी तयार असावा लागतो. मग एकावेळी अनेक कोअरना काम द्यायचं कसं? गवंडी भिंत रचतात तसं. खालच्या थरावरचा गवंडी दोन विटा पुढे गेला की त्याच्या वरच्या थराचं काम दुसरा सुरू करू शकतो, तो दोन विटा पुढे सरकला की तिसरा. चित्रात हे थर वरून खाली येतात एवढाच फरक. कामाची तिरकी लाट चित्रभर सरकत जाते. फुल एचडीत ओळीमागे १२० चौकोन, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा दोन चौकोन मागे. म्हणजे लाट पूर्ण भरात असताना एकाच वेळी ६० चौकोन हाती असू शकतात. पण सुरुवातीला आणि शेवटी बहुतेक गवंडी रिकामेच बसलेले असतात. शिवाय सगळे चौकोन सारख्या कष्टाचे नसतात. आकाशाचा तुकडा चटकन संपतो, गर्दीचा वेळ खातो, आणि एक रखडला की त्याच्या मागचे सगळे रखडतात.

याहून मोठी अडचण बिट वाचण्याची. एच.२६४ ची बिट आवळण्याची कार्यक्षम पद्धत अशी आहे, की पुढच्या बिटचा अर्थ आधी काय वाचलं त्यावर ठरतो. तिथे वाटणीच नाही. जीन आमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलं होतं, की कामाचा पाचवा हिस्सा जरी एकापाठोपाठ करावा लागणारा असेल, तर कितीही प्रोसेसर लावा, वेग पाचपटीपलीकडे जात नाही. चित्र स्वतंत्र पट्ट्यांत कापायची सोय एच.२६४ मध्ये आहे, पण चित्र बनवणाऱ्यानं ती वापरलीच पाहिजे असं बंधन नाही आणि वापरली तर आकुंचन थोडं बिघडतं. घरातल्या बॉक्सला समोर येईल ते उलगडावंच लागतं.

२०१३ च्या एचईव्हीसी मानकात ही गाठ सोडवायची सोय झाली, आणि माझ्या मते या विषयाच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची घटना. त्यात गवंड्यांची लाट मानकातच बसवली: वरच्या ओळीतले दोन चौकोन वाचून झाले की त्या क्षणाची वाचकाची स्थिती खालची ओळ उचलते आणि स्वतंत्रपणे वाचायला लागते. चित्र फरशांसारखं आडवं-उभं कापायचीही सोय आली. जे काम प्रोग्रॅमर वर्षानुवर्षं कुस्ती करून साधत होते, त्याला मानक लिहिणाऱ्यांनी वाट करून दिली. समांतरपणा शेवटी प्रोग्रॅममध्ये घुसवण्यापेक्षा माहितीच्या मांडणीतच पेरावा लागतो.

आणखी एक मार्ग म्हणजे प्रत्येक कोअरला अख्खी फ्रेम देणं. सिनेमा बघताना तो छान चालतो. पण आठ फ्रेम एकाच वेळी हाती असतील तर पहिलं चित्र बाहेर यायला पाव सेकंदाहून अधिक उशीर होऊ शकतो. आईशी व्हिडिओ कॉलवर बोलताना तो पाव सेकंद जाणवतो. दोघंही एकदम बोलायला लागतात, दोघंही थांबतात. सेकंदाला किती फ्रेम निघाल्या आणि एक फ्रेम किती वेळात निघाली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बैठकीत मात्र पहिल्याचाच आकडा मिरवला जातो.

आता भाषांकडे आणि विचारपद्धतींकडे वळू. बहुतेक कंपन्यांत आजही सी आणि थ्रेड एवढंच हत्यार असतं. सगळ्या थ्रेडना सगळी मेमरी खुली, आणि गोंधळ होऊ नये म्हणून जागोजाग कुलपं. बर्कलीच्या एडवर्ड ली यांनी २००६ मध्ये या पद्धतीवर एक सडेतोड लेख लिहिला. त्यांचा मुद्दा असा, की थ्रेड आधी सगळी अनिश्चितता आत घेतात आणि मग ती छाटत बसायचं काम प्रोग्रॅमरवर टाकतात. मला ते शब्दशः अनुभवाला आलं आहे. नोंद छापली की पळून जाणारा दोष हीच ती अनिश्चितता.

पर्याय मात्र फार जुना आहे. फ्रान्सच्या जिल काह्न यांनी १९७४ मध्ये एक साधी रचना मांडली. स्वतंत्र प्रक्रिया, त्यांच्यामध्ये एकाच दिशेनं वाहणाऱ्या रांगा. लिहिणाऱ्यानं रांगेत टाकत जायचं. वाचणाऱ्यानं रांग रिकामी असेल तर थांबायचं, 'काही आलंय का' म्हणून डोकावून पाहायचं नाही. एवढे नियम पाळले तर कुठली प्रक्रिया कधी, कुठल्या वेगानं चालली याचा निकालावर काडीचाही परिणाम होत नाही. उत्तर दरवेळी तेच. पहिल्यांदा ही सिद्धता वाचली तेव्हा मी ती पुन्हा पुन्हा वाचली होती. रात्र-रात्र जागून शोधलेले कितीतरी दोष या शिस्तीत मुळात जन्मालाच आले नसते.

१९८७ मध्ये ली आणि डेव्हिड मेसरश्मिट यांनी याचा अधिक कडक अवतार आणला. त्यात प्रत्येक घटक एका फेरीत किती नमुने खातो आणि किती देतो हे आधीच ठरलेलं. मग साधी समीकरणं सोडवून, यंत्र सुरू व्हायच्या आधीच, सगळं वेळापत्रक आणि प्रत्येक रांगेला लागणारी जागा ठरवता येते. सीडीचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा असतो, व्हिडिओसोबतचा ४८,००० चा. या दोहोंचं प्रमाण १४७ ला १६०. म्हणजे १४७ नमुने आत गेले की १६० बाहेर आलेच पाहिजेत, त्याशिवाय चक्र पूर्ण होत नाही. एका दमात करा किंवा छोट्या टप्प्यांत करा, बफर किती लागेल हे कागदावर कळतं. जिथे मेमरी किलोबाइटांत मोजतात तिथे हे सोन्यासारखं आहे.

आवाजाला हे फिट्ट बसतं, व्हिडिओला तितकं नाही, कारण एका चौकोनाला किती बिट लागतील हे माहितीवरच अवलंबून. म्हणून मग ल्यूव्हेनमध्ये फेरीनुसार बदलणारे दर आले, आइंडहोव्हेनमध्ये प्रसंगानुसार बदलणारे दर आले. फिलिप्सनं काह्नची रचना आपल्या कामासाठी वायएपीआय या नावानं सी++ मध्ये उतरवली. एमआयटीनं २००२ मध्ये स्ट्रीमइट ही स्वतंत्र भाषाच काढली. ती देखणी होती, पण रुजली नाही. सीमध्ये लिहिलेल्या लाखो ओळी टाकून नव्या भाषेत जायला कुठलीच कंपनी सहसा धजत नाही. विचार मात्र टिकला: जीस्ट्रीमरसारख्या चौकटीत आज आपण घटक जोडून जी नळ्यांची ओळ उभी करतो, तिच्यात काह्नच्या रांगांची सावली स्पष्ट दिसते.

ओपनसीएल, ओपनएमपी यांनी आपापल्या जागी काम भागवलं. एका सूचनेत १६ बाइटांवर काम करणाऱ्या निऑनसारख्या सोयींनी तर बहुतेक वेळा जादा कोअरपेक्षा जास्त मिळवून दिलं आहे. एव्ही१ व्हिडिओ उलगडणाऱ्या डेव्हिड नावाच्या मुक्त प्रोग्रॅममध्ये सीपेक्षा असेंब्लीच्या ओळीच जास्त आहेत. कंपायलर हे सगळं आपोआप करील, ही आशा किती पुरी झाली ते त्यावरून कळतं.

मला सर्वांत आश्वासक वाटते ती २०१२ च्या सुमारास एमआयटीत घडलेली हॅलाइड ही भाषा. चित्र थोडं धूसर करायचं आहे असं समजा: आधी आडवी सरासरी, मग उभी. सगळी आडवी सरासरी काढून मेमरीत ठेवली तर वाहतूक वाढते. ठेवलीच नाही आणि दरवेळी नव्यानं काढली तर गणित वाढतं. चित्राचे छोटे तुकडे करून प्रत्येकात दोन्ही टप्पे उरकले तर दोन्ही खर्च थोडे-थोडे. सीमध्ये यातला प्रत्येक बेत म्हणजे सगळी चक्रं पुन्हा लिहिणं. हॅलाइडमध्ये 'काय काढायचं' हे दोन ओळींत लिहायचं आणि 'कुठे, कधी, किती तुकड्यांत' हे वेगळं. बेत बदलला तरी उत्तर बदलत नाही. २०१७ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये आलेली चित्रांसाठीची खास चिप हॅलाइडमधून प्रोग्रॅम होत असे. सेलला जी भाषा हवी होती, ती ही. अर्थात चांगला बेत रचायला अजून अनुभवी माणूस लागतो; तो आपोआप रचण्याचे प्रयत्न २०१६ आणि २०१९ मध्ये झाले, पण नव्या चिपवर हात फिरवावाच लागतो.

वेळेची हमी हा भाग यात अजून कच्चा आहे. एका प्रोसेसरवर जास्तीत जास्त किती भार टाकला तरी मुदती पाळल्या जातील, याचं गणित लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ मध्येच दिलं. प्रोसेसर अनेक झाले की ते कोलमडतं. सुदर्शन धाल आणि लिऊ यांनी १९७८ मध्ये दाखवलं, की एक जड आणि बरीच हलकी कामं अशी मोळी असेल, तर बहुतांश प्रोसेसर रिकामे असूनही मुदत चुकू शकते. त्यात सगळे कोअर एकाच मेमरीच्या दाराशी रांग लावतात, आणि शेजारी काय करतो यावर आपला वेग ठरतो. माणसाचे कान-डोळे तर कडक परीक्षक आहेत. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला कळतं. मागे राहिला तर १२५ पर्यंत कळत नाही, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. वीज चमकल्यावर गडगडाट मागाहून येतो, याची आपल्याला सवय आहे. उलटं कधी घडत नाही.

आजच्या फोनच्या चिपवर कॅमेऱ्याचं इंजिन, ग्राफिक्स, डीएसपी, न्यूरल इंजिन आणि व्हिडिओची स्वतंत्र यंत्रणा शेजारी-शेजारी नांदतात. एकच फ्रेम त्या सगळ्यांच्या हातांतून जाते. तिची प्रत न काढता फक्त मालकी पुढे द्यायची, यासाठी लिनक्समध्ये २०१२ पासून डीएमए-बफची सोय आहे. पुढे वाचायच्या आधी आणि लिहून झाल्यावर तसं कळवण्याची रीतही आली. आमच्या ६४ पिक्सेलच्या रेघेवरचा इलाज तोच. पण ते कळवायला विसरणं आजही तितकंच सोपं आहे, आणि चाचणीच्या टेबलावर ते बहुधा दिसत नाही.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून येणारी मुलं म्युटेक्स आणि सेमाफोर पाठ करून येतात. उत्पादक-ग्राहकाचं उदाहरण त्यांनी सोडवलेलं असतं, पण कुलपाचा सराव म्हणून. रांगेचा विचार म्हणून नाही. म्हणून नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी संगणकापाशी बसवत नाही. मोठा कागद देतो. कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत चौकोन काढायला सांगतो आणि प्रत्येक बाणावर चार गोष्टी लिहायला लावतो: किती बाइट, किती वेळा, कोणाच्या मेमरीत, आत्ता मालक कोण. चौकोन पाच मिनिटांत होतात. बाणांना अख्खी दुपार लागते. गेल्या खेपेला एका मुलीनं डीएसपीकडून निघालेल्या बाणापाशी पेन थांबवलं, बराच वेळ विचार केला आणि मला विचारलं, "सर, इथे दुसऱ्याच्या कॅशमधली जुनी प्रत कोण पुसतं?" मी तिला म्हटलं, "तो प्रश्न बाणावरच लिही, आणि उत्तर सापडेपर्यंत खोडू नको."